प्रकल्प नोंदी : पाचशे मिलिग्रॅमच्या शेजारचे दोन मिलिग्रॅम

१० जून

मॅडमनी आज विषयाला होकार दिला. सर्दीच्या गोळीतली चारही औषधं कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिसनं, म्हणजे आमच्या भाषेत नुसतं 'सीई'वर, वेगळी करायची आणि मोजायची. केसासारख्या नळीत, म्हणजे कॅपिलरीत, बफर भरून दोन्ही टोकांना व्होल्टेज लावायचं, की रेणू आपापल्या विद्युतभारानुसार वेगवेगळ्या वेगानं पळतात. गोळी कुठल्याही औषध दुकानात मिळणारी: पॅरासिटामॉल ५०० मिग्रॅ, कॅफीन ३०, फिनाइलेफ्रिन हायड्रोक्लोराइड १०, क्लोरफेनिरामिन मॅलिएट २.

माझा जीव अडकलाय तो शेवटच्या दोन मिलिग्रॅममध्ये. गुंगी येते ती त्यांनीच, नाकाचं पाणी थांबतं तेही त्यांनीच, आणि शेजारी अडीचशे पट वजनाचं पॅरासिटामॉल बसलेलं. २०२३ च्या डिसेंबरात केंद्रीय औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, अशी सूचना लेबलवर छापायला सांगितली. तेव्हा वहिनीनं फोन करून विचारलं होतं, "अगं, या थेंबांत नक्की किती असतंय ते?" लेबलवर काय लिहिलंय ते मी सांगितलं. बाटलीत खरोखर किती आहे हे मोजून सांगता आलं नाही, याची बोच तेव्हापासून आहे.

एचपीएलसीवर, म्हणजे द्रव दाबानं कॉलममधून ढकलून पदार्थ वेगळे करणाऱ्या यंत्रावर, हे काम होतं, रोज होतं. पण त्या यंत्राला दिवसाकाठी लिटरच्या हिशोबात मिथेनॉल किंवा अॅसिटोनायट्राइल लागतं. शिवाय फिनाइलेफ्रिन इतकं पाण्यात रमणारं की साध्या सी-१८ कॉलमवर ते टिकतच नाही, पहिल्या लोंढ्याबरोबर निघून जातं. सीईला दिवसभरात काही मिलिलिटर बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं द्रावण, पुरतो, आणि तोही पाण्यातला.

१२ जून

कॅपिलरी बसवली. काचेची नव्हे, वितळवलेल्या शुद्ध सिलिकाची. आतला व्यास ५० मायक्रोमीटर, बाहेरून पॉलिइमाइडचा तपकिरी लेप. लेप आहे तोवर बोटाभोवती गुंडाळा, काही होत नाही. पण डिटेक्टरचा अतिनील प्रकाश त्यातून जात नाही, म्हणून एका ठिकाणी तीनेक मिलिमीटर लेप जाळून खिडकी करावी लागते. तिथं ती सुतासारखी नाजूक होते. लायटरची ज्योत क्षणभर, मग मिथेनॉलमध्ये बुडवलेल्या टिश्यूनं काजळी पुसायची. पहिली पुसतानाच मोडली. दुसरी टिकली.

कापताना सिरॅमिकच्या पात्यानं एकच ओरखडा काढून हलकेच ओढायचं. टोक तिरपं किंवा दातेरी राहिलं तर पीकला, म्हणजे आलेखावरच्या उंचवट्याला, शेपूट येते. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही टोकं बघून घेतली.

एकूण लांबी ४८.५ सेंटिमीटर, खिडकीपर्यंत ४०. हिशोब केला तर अख्ख्या नळीत मावतं ०.९५ मायक्रोलिटर. एक मायक्रोलिटरसुद्धा नाही! नमुना आत घ्यायचा तो ५० मिलिबार दाबानं ५ सेकंद, म्हणजे साधारण ९ नॅनोलिटर. ड्रॉपरमधून पडणारा एक थेंब ५० मायक्रोलिटरचा धरला तर त्यात अशी साडेपाच हजार इंजेक्शनं बसतील. गोळी १०० मिलिलिटरमध्ये विरघळवली तर त्या ९ नॅनोलिटरमध्ये क्लोरफेनिरामिन मॅलिएट भरतं १८० पिकोग्रॅम. एवढं दिसायला हवंय.

१९ जून

पहिला प्रयत्न बोरॅक्सच्या बफरमध्ये. २० मिलिमोलर टेट्राबोरेट, पीएच आपोआप ९.२ येतो. २५ किलोव्होल्ट.

या पीएचला नळीच्या आतल्या भिंतीवरचे सिलॅनॉल गट प्रोटॉन सोडून ऋणभारित होतात. त्यांच्याजवळ बफरमधल्या धन आयनांचा थर जमतो आणि व्होल्टेज लावलं की तो थर ऋणाग्राकडे सरकताना सगळं पाणीच ओढून नेतो. हाच ईओएफ, इलेक्ट्रोऑस्मोटिक फ्लो. पंपाशिवाय वाहणारी नदी म्हणा. त्यामुळं धनभारित, भारहीन आणि ऋणभारित तिन्ही एकाच टोकाला पोचतात, फक्त वेगवेगळ्या वेळी.

तीन मिनिटांत सगळं संपलं. वेग बघून आनंद झाला, आलेख नीट बघितल्यावर ओसरला. क्लोरफेनिरामिन २ मिनिटांना वेगळं आलं, पण फिनाइलेफ्रिनचा कुठं पत्ता नाही. त्याचं एकट्याचं स्टँडर्ड, म्हणजे शुद्ध नमुना, सोडलं तेव्हा कळलं: ते कॅफीनच्या पोटात आहे. पीएच ९.२ ला फिनाइलेफ्रिनचा अमाइन गट बराचसा भार गमावून बसलेला असतो, उलट फिनॉल गट थोडाफार ऋण व्हायला लागलेला असतो. बेरीज जवळपास शून्य. कॅफीन तर शून्यच. दोघांनाही नदी एकाच वेगानं नेणार. आणि मागून पॅरासिटामॉलचा डोंगर इतका रुंद की त्याचा उतार कॅफीनवर पडतोय.

दुसरी अडचण यापेक्षा वाईट. क्लोरफेनिरामिनचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला त्याचे निम्मे रेणू भारित असतात तो, ९.२ च्याच आसपास. म्हणजे बफरचा पीएच ०.१ नं हलला तरी त्याचा वेग बदलणार. ज्याला मोजायचं तेच असं काठावर उभं असेल तर मोजमापावर भरवसा कसा ठेवायचा?

२४ जून

मॅडमना आलेख दाखवला. त्यांनी पाच मिनिटं न बोलता बघितला आणि म्हणाल्या, "तू चौघांना पळवतेयस. दोघांना पळव, दोघांना उभं कर."

पीएच २.५. ५० मिलिमोलर सोडियम फॉस्फेट. इथं सिलॅनॉल जवळजवळ सगळे प्रोटॉन धरून बसलेले, त्यामुळं ईओएफ अगदी मंद. पॅरासिटामॉल आणि कॅफीनवर या पीएचला भारच नाही. ते नळीच्या तोंडाशी रेंगाळतात. क्लोरफेनिरामिनवर दोन धनभार, एक अमाइनवर आणि एक पिरिडीनच्या नायट्रोजनवर. फिनाइलेफ्रिनवर एक.

संध्याकाळी साडेपाचला रन लावला. ३.१ मिनिटांना क्लोरफेनिरामिन, ४.२ ला फिनाइलेफ्रिन, मधे सपाट रेषा. डोंगर कुठंच नाही. मुद्दाम वाट बघत बसले. तो २५ मिनिटांनंतर आला, कॅफीन आणि पॅरासिटामॉल एकत्र. पण त्यांच्यासाठी थांबायची गरज नाही. सहा मिनिटांना व्होल्टेज बंद करायचं आणि दाबानं नळी धुऊन टाकायची.

आणखी एक गोष्ट रात्री घरी जाताना सुचली. पॅरासिटामॉल भारहीन आहे म्हणजे ते नमुन्याची वाहकता वाढवत नाही. नमुना साध्या पाण्यात असल्यानं त्या छोट्या पट्ट्यात विद्युतक्षेत्र जास्त असतं, आयन तिथं जोरात पळतात आणि बफरच्या सीमेवर येऊन दाटतात. म्हणून २ मिलिग्रॅमचं पीक इतकं टोकदार आलं. अडीचशे पट मोठा शेजारी याच्या आड येत नाही! आठवडाभर ज्याची धास्ती घेतली होती तो इथं अडचण राहिलाच नाही.

पॅरासिटामॉल आणि कॅफीन वेगळी करायला एसडीएस हे साबणासारखं रसायन घालून मायसेलची, म्हणजे त्याच्या रेणूंच्या पुंजक्यांची, पद्धत आहे. जपानच्या शिगेरू तेराबे यांनी १९८४ मध्ये दाखवलेली. भारहीन रेणू मायसेलमध्ये किती वेळ मुक्काम करतात त्यावर ते सुटे होतात. ती नंतर. आधी हे दोन.

२७ जून

ओहमचा आलेख काढला. ५ पासून ३० किलोव्होल्टपर्यंत पाच-पाचच्या टप्प्यानं: ७, १४, २१, २८, ३५ मायक्रोअॅम्पिअर, आणि ३० ला ४३.५. शेवटचा बिंदू सरळ रेषेवर नाही, वर उचललेला आहे. नळीच्या आत उष्णता साठायला लागल्याची खूण. २५ वर थांबायचं.

या उष्णतेनंच पूर्वी सगळ्यांना अडवलं होतं. आर्ने टिसेलिअसनी १९३७ मध्ये इंग्रजी यू अक्षराच्या आकाराच्या नळीत रक्तातली प्रथिनं वेगळी केली, १९४८ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. पण रुंद नळीत व्होल्टेज वाढवलं की द्रव तापून ढवळला जातो. येर्टेननी १९६७ मध्ये ३ मिलिमीटरची नळी सतत फिरवत ठेवून त्यावर उपाय शोधला. १९८१ मध्ये जॉर्गेनसन आणि लुकाक्स यांनी ७५ मायक्रोमीटरची बारीक नळी वापरली आणि प्रश्न मुळातूनच सुटला: बारीक नळीतली उष्णता भिंतीतून लगेच बाहेर जाते. चव्वेचाळीस वर्षं लोक एका अडचणीशी झुंजत होते आणि उत्तर निघालं नळी बारीक करण्यात. हे वाचलं की माझ्या तीन आठवड्यांचं ओझं हलकं वाटतं.

२ जुलै

वेळा जागेवर राहत नाहीत. क्लोरफेनिरामिन कधी २.९, कधी ३.०, कधी ३.२. अशानं मोजमाप होणार नाही.

पहिला संशय कुपीतल्या बफरवर. इलेक्ट्रोडवर पाण्याचं विघटन होऊन एका कुपीत आम्ल, दुसरीत अल्क वाढतं. पण आकडे मांडले: ३५ मायक्रोअॅम्पिअर, ६ मिनिटं, म्हणजे ०.०१२६ कूलोम, फॅरडेच्या ९६,४८५ नं भागलं तर ०.१३ मायक्रोमोल. माझ्या १ मिलिलिटरच्या कुपीत फॉस्फेट आहे ५० मायक्रोमोल. दहा रनला कुपी बदलते, तेवढ्यात याचा परिणाम नगण्य. कुपी निर्दोष.

दोष माझ्या धुण्याच्या क्रमात निघाला. प्रत्येक रनआधी २ मिनिटं सोडियम हायड्रॉक्साइड, मग २ मिनिटं बफर, असा क्रम मी बोरेटच्या दिवसांपासून तसाच ठेवला होता. अल्कानं भिंतीवरचे सगळे सिलॅनॉल प्रोटॉन सोडतात, आणि पीएच २.५ चा बफर आला म्हणून ते दोन मिनिटांत परत फिरत नाहीत. तासन्‌तास लागतात. भिंतीला आधीचा पीएच आठवतो. ती अर्धवट बदललेली असताना मी पुढचा रन लावत होते, दर वेळी वेगळ्या अवस्थेत.

आता नियम: सोडियम हायड्रॉक्साइड फक्त नवी कॅपिलरी तयार करताना. रनच्या मधे पातळ फॉस्फोरिक आम्ल आणि बफर. रात्री दोन्ही टोकं पाण्यात. बोरेटसाठी वेगळी कॅपिलरी, तिच्यावर वेगळी चिठ्ठी. दहा रन लागोपाठ घेतले, सगळे ३.१.

९ जुलै

पाऊस धरलाय. तीन दिवस सूर्य नाही. करंट ३५ वर राहत नाही, ३९, ४१, मग ३६. दोनदा यंत्रानं गळतीचा इशारा देऊन व्होल्टेज तोडलं.

११ जुलै

हवेतल्या ओलाव्यावर खापर फोडलं आणि कामाला लागले. एसी सकाळी तासभर आधी लावणं, कुप्यांची झाकणं कोरडी पुसणं, इलेक्ट्रोडवर वाळलेलं मीठ आयसोप्रोपिल अल्कोहोलनं काढणं, आत सिलिका जेलच्या पुड्या. करंट थोडा शांत झाला. दुपारी परत ३९.

१५ जुलै

आज एक गोष्ट आधीच करायला हवी होती ती केली. नळीतला बफर दाबानं पूर्ण काढला, हवा भरली आणि २५ किलोव्होल्ट लावलं. हवेतून करंट वाहायला नको, शून्य दिसायला हवं. दिसला ३ ते ४ मायक्रोअॅम्पिअर. म्हणजे वीज कॅपिलरीला वळसा घालून दुसरीकडून जमिनीत जातेय. आठवडाभर मी बफर बदलत बसले होते, ज्याचा याच्याशी काही संबंध नव्हता.

प्रयोगशाळेचे मामा तिथंच ब्यूरेट धूत होते. धनाग्राकडच्या इलेक्ट्रोडखालचं पांढरं बुश त्यांनी बोटानं दाखवलं. "हे मूळचं न्हवं ओ ताई. मूळचं फुटलं तवा कुणीतरी बाहेरनं करून आणून बसवलंय. नायलॉन दिसतंय. नायलॉन पाणी पितंय की."

नायलॉन ओलावा शोषतं हे मला पुस्तकातून माहीत होतं. माझ्या यंत्रात ते बसलंय हे माहीत नव्हतं. उन्हाळ्यात ते कोरडं असल्यानं काम चालून गेलं, आणि पावसानं ते उघडं पडलं. पंचवीस हजार व्होल्टला एवढा ओलावा पुरतो.

१८ जुलै

बुश घेऊन मामांबरोबर शिवाजी उद्यमनगरात गेले. कोल्हापूरचं हे बरं आहे: सुटा भाग परदेशातून मागवायचा तर महिने, आणि इथं लेथवर बसलेला माणूस हातातला तुकडा फिरवून बघतो आणि विचारतो, "कशाला लागतंय?" मी सांगितलं, वीज अडवायला, ओलाव्यात, टेफलॉनमध्ये. टेफलॉनची कांडी त्यांच्याकडंच निघाली. म्हणाले, "हे मऊ असतंय. जोरात घेतलं की दाबतंय, माप सुटतंय. हळू घ्यावं लागंल, उद्या न्या." व्हर्नियरनं तीन वेळा माप घेतलं आणि जुन्या तुकड्यावरचा माझ्या लक्षात न आलेला बारीक खोबणीचा खोलपणा त्यांनीच विचारला. इंजिनांचे भाग करणाऱ्या हातांनी तो तुकडा ज्या काळजीनं धरला, ते बघून बरं वाटलं.

१९ जुलै

बसलं. हवा भरून २५ किलोव्होल्ट: शून्य. बफर भरून: ३५. बाहेर मुसळधार. अर्धा तास नुसती करंटची रेषा बघत बसले.

२४ जुलै

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं चाललीय, ४३ ला धोका पातळी. प्रयाग चिखलीहून येणारी ज्युनियर आली नाही, फोनवर म्हणाली घरातलं सामान वर चढवतोय. यंत्र बंद करून, प्लग काढून, कॅपिलरीची टोकं पाण्यात ठेवून घरी आले.

घरी बसून जुने आकडे पुन्हा काढले. एचपीएलसीत सगळे रेणू खिडकीसमोरून द्रवाच्या एकाच वेगानं जातात. इथं तसं नाही. हळू चालणारा खिडकीत जास्त वेळ थांबतो आणि त्याच्या पीकचं क्षेत्रफळ, ज्यावरून प्रमाण काढायचं तेच, फुगतं. म्हणून प्रत्येक क्षेत्रफळाला त्याच्या वेळेनं भागायचं. जूनचे सगळे आकडे तसे दुरुस्त केले तेव्हा जिथं वेळ हलली होती तिथलं अंतर बरंच मिटलं, सगळं नाही.

५ ऑगस्ट

उरलेलं अंतर इंजेक्शनचं. ९ नॅनोलिटर दर वेळी नेमके ९ येत नाहीत. इमिडाझोल अंतर्गत मानक म्हणून, म्हणजे प्रत्येक नमुन्यात तेवढंच मिसळायचं तुलनेचं रसायन म्हणून, घेतलं: लहान, धनभारित, गोळीत नसणारं, २.४ मिनिटांना एकटं येणारं. क्लोरफेनिरामिनचं क्षेत्रफळ त्याच्या प्रमाणात मोजलं. सहा इंजेक्शनांचं सापेक्ष विचलन ३.४ टक्क्यांवरून १.१ वर आलं. मिलिलिटरला ५ ते ४० मायक्रोग्रॅम, रेषा सरळ.

१२ ऑगस्ट

खऱ्या गोळ्या. वीस वजन करून खलात कुटल्या, एका गोळीच्या सरासरी वजनाइतकी पूड १०० मिलिलिटर पाण्यात, पंधरा मिनिटं सोनिकेटर, ०.२२ मायक्रोमीटरचा फिल्टर. स्टार्च वगैरे फिल्टरवर राहिलं.

क्लोरफेनिरामिन लेबलच्या ९८.६ टक्के, फिनाइलेफ्रिन ९९.३. पूडीत माहीत असलेलं प्रमाण वरून मिसळून परत मोजलं, तेही जुळलं. आकडे वहीत लिहिताना हात थोडा थरथरला, दोन मिलिग्रॅमपर्यंत पोचल्याचा.

२१ ऑगस्ट

वहिनीचा प्रश्न. मुलांच्या थेंबांची बाटली घेतली. नमुना पातळ न करता तसाच सोडला तर आकडा फारच कमी आला आणि क्षणभर धक्का बसला. पण इमिडाझोलचं पीकही तितकंच खुजं होतं. औषध कमी नव्हतं, नमुनाच कमी आत गेला होता: थेंब गोड आणि दाट असतात, आणि दाबानं आत जाणारं आकारमान द्रवाच्या दाटपणाच्या व्यस्त प्रमाणात असतं. अंतर्गत मानक नसतं तर एका निर्दोष बाटलीवर मी ठपका ठेवला असता. वीसपट पातळ केलं, परत मोजलं, लेबलशी जुळलं. रात्री फोन करून सांगितलं. बाटलीत जे लिहिलंय तेच आहे, आणि चारच्या आतल्याला तरीही द्यायचं नाही.

२ सप्टेंबर

क्लोरफेनिरामिनचे दोन भाऊ असतात, उजव्या-डाव्या हातासारखे. गोळीत दोन्ही समान. काम बहुतांश एकटा एस रूप करतो, डेक्सक्लोरफेनिरामिन या नावानं तो वेगळाही विकला जातो. वजन, भार, आकार सगळं एक, त्यामुळं माझ्या नळीत ते एकाच पीकमध्ये येतात.

आज बफरमध्ये १० मिलिमोलर बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन घातलं, १०० मिलिलिटरला १.१३५ ग्रॅम. सात ग्लुकोजचं कडं, आतून पाण्याला नको असलेलं. दोन्ही हात त्यात शिरतात, पण एक जरा घट्ट बसतो. पाण्यात ते फार विरघळत नाही, कोमट करून ढवळावं लागलं.

सगळंच उशिरा यायला लागलं. फिनाइलेफ्रिन एकच राहिलं. ते औषधात एकाच रूपात असतं, तेव्हा ते फुटलं असतं तर माझंच काहीतरी चुकलेलं असतं. क्लोरफेनिरामिन ३ मिनिटांवरून ५ च्या पुढं गेलं आणि त्याच्या माथ्यावर खाच पडली. व्होल्टेज २० वर आणलं. खाच खोल गेली: दोन पीक्स, उंची जवळपास सारखी, मधली दरी अजून तळाला टेकलेली नाही.

मॅडमना बोलावलं. त्या उभ्याउभ्याच बघत होत्या. "शुद्ध डेक्स आहे का आपल्याकडं?" नाही. आजच मागणी लिहिली. ते आलं की नमुन्यात थोडं मिसळायचं आणि दोघांतलं कुठलं पीक वर येतं ते बघायचं.